पेठेत राहायला जावे का? – वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये पुण्याच्या जुन्या पेठांतील घरांविषयीची पत्रे बरीच होती. कोणाला उपनगरातून पेठेत परतायचे आहे, कोणाला वाडा टिकवायचा आहे, तर कोणाला डोक्यावरचे छप्पर जाईल की काय, ही चिंता आहे. त्यांतील पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही पती-पत्नी पिंपळे सौदागर येथे अकराव्या मजल्यावर राहतो. माझे वय ६७, पत्नीचे ६३. मुले परदेशी असतात. डोळ्यांच्या त्रासामुळे डॉक्टरांनी मला गाडी चालवू नका असे सांगितल्यापासून आम्ही जवळजवळ घरातच अडकलो आहोत. दूध आणि औषधे घरपोच येतात, पण माणसे भेटत नाहीत. पत्नीचे बालपण सदाशिव पेठेत गेले. येथील घर विकून तेथे जावे, सर्व कामे पायी करावीत, असे तिला मनापासून वाटते. आमचे नातेवाईक मात्र आम्हाला वेड्यात काढतात. आपले मत कळवावे.

उत्तर : आपल्या पत्नीचे म्हणणे वेडेपणाचे मुळीच नाही. ज्याला गाडी चालवता येत नाही, त्याला ज्या वस्तीत कोणावर विसंबून न राहता जगता येते, अशा वस्त्या आपल्या शहरांत फार थोड्या उरल्या आहेत आणि पुण्याच्या पेठा त्यांत मोडतात. याचे कारण त्यांच्या जडणघडणीत आहे. कसबा ही सर्वांत जुनी वस्ती; तिच्याभोवती एकेक पेठ वसत गेली. आजची सोमवार पेठ म्हणजे जुने शहापूर, शुक्रवार म्हणजे विसापूर आणि गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. सदाशिव आणि नारायण या पेठा पेशवाईत वसल्या. पेठ वसवायची म्हणजे घरांबरोबर बाजार, देऊळ, पाण्याचा हौद आणि कारागिरांच्या आळ्या यांचीही सोय लावायची, अशी तेव्हाची रीत होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी नळांतून शहरात आणून ते ठिकठिकाणच्या हौदांत सोडले गेले, तेही माणूस घागर घेऊन जितके चालेल तितक्या अंतरावर. गाडी नव्हतीच, त्यामुळे सगळे अंतर पावलांनी मोजलेले होते. त्या मापाने आखलेले रस्ते आणि बोळ आज मोटारींना अपुरे पडतात, परंतु सत्तरीच्या माणसाला ते अजूनही नेमके पुरतात.

शनिवारवाड्यापासून मंडई सुमारे एक किलोमीटरवर आहे. या एवढ्या वाटेच्या दोन्ही अंगांना काय काय आहे, ते आपल्या पत्नीला मी सांगण्याची गरज नाही. तरी आपल्या नातेवाइकांसाठी लिहितो. भाजीला मंडई, घरातल्या बारीकसारीक वस्तूंना तुळशीबाग, पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, विजेच्या सामानाला तपकीर गल्ली, खिळे-कड्या-कुलपांना बोहरी आळी, तांब्याच्या भांड्याला कल्हई करायची किंवा पोचा काढायचा झाला तर कसब्यातील तांबट आळी. वाचनाची आवड असेल तर १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर लक्ष्मी रस्त्यावर आहे. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आणि भरत नाट्य मंदिर आहे. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आणि टिळक स्मारक मंदिर आहे. संध्याकाळी व्याख्यान ऐकून साडेआठ वाजता चालत घरी येणे आणि वाटेत दोन ओळखीची माणसे भेटणे, हे आपल्याला आज ज्याची उणीव भासते त्याचेच दुसरे नाव आहे. शिवाय २९ सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा सुरू झाल्यामुळे कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके पेठांच्या पोटातच आली आहेत. पिंपरी-चिंचवडकडच्या मित्रमंडळींशी असलेला आपला संबंध त्यामुळे तुटणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. पेठेत अंतरे चालण्याजोगी आहेत, पण चालण्याची वाट तशी राहिलेली नाही. पदपथ अरुंद आहेत, काही बोळांना ते नाहीतच. जेथे आहेत तेथे दुचाक्या, दुकानांच्या पायऱ्या आणि पथारीवाले यांच्यामधून अंग चोरून जावे लागते. आपल्या डोळ्यांचा त्रास कोणत्या प्रकारचा आहे हे पत्रावरून कळत नाही; परंतु संध्याकाळच्या कमी उजेडात दिसण्यात अडचण असेल, तर बाजीराव रस्ता किंवा शिवाजी रस्ता ओलांडणे हा आपल्या दिवसातला सर्वांत अवघड भाग ठरेल. महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करते. त्या दिवशी तेथे जाऊन पाहिल्यास हा रस्ता किती रुंद आहे आणि एरवी त्याचा किती भाग चालणाऱ्याच्या वाट्याला येतो, हे दोन्ही लक्षात येते. वर्षातील उरलेल्या दिवसांचे काय, हा माझा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहे.

गणेशोत्सवाचाही विचार करा. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे पाचही मानाचे गणपती याच परिसरातले. ते दहा दिवस पेठ पाहण्यासारखी असते आणि तेथे राहणाऱ्याला त्याचा आनंद दारातच मिळतो. मात्र विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते, रस्ते बंद असतात आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींचा आवाज काळजात धडधडतो. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. त्या दिवसांत ती कोणी पाळत नाही. हृदयविकार असणाऱ्या अनेक ज्येष्ठांची कुटुंबे शेवटचे दोन दिवस त्यांना नातेवाइकांकडे हलवतात. तशी सोय आपल्याकडे आहे का, ते आधी पाहून ठेवावे.

म्हणून माझा सल्ला असा, की पिंपळे सौदागरचे घर आताच विकू नये. ते भाड्याने द्यावे आणि पेठेत अकरा महिन्यांच्या करारावर एक घर घ्यावे. हे अकरा महिने असे निवडावेत, की त्यांत पावसाळा आणि गणेशोत्सव दोन्ही येतील. अकरा महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. ‘आपण घरचेच’ म्हणून कोणी टाळू लागल्यास ऐकू नये.

घर पाहायला जाताना दलालाच्या दुचाकीवर बसून जाऊ नका, पायी जा. एकदा सकाळी सातला, एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा भर पावसात जा. सकाळी बोळात दूधवाला, फुलपुडीवाला आणि शाळेला निघालेली मुले दिसली, तर त्या बोळात माणसे राहतात असे समजावे. सकाळी बोळ सुना आणि दहानंतर हातगाड्यांनी भरलेला, असे असेल तर वरच्या मजल्यांवर घरे उरलेली नाहीत, गोदामे झाली आहेत. मला विचाराल तर घराच्या भिंतींपेक्षा ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पेठेतील चालणे सुखाचे होते ते वरच्या गॅलरीत कोणीतरी उभे असते म्हणून. आजी पडल्या तर हाक मारणारे कोणी असते, रात्री दिवा दिसतो, चौकातला किराणावाला नऊपर्यंत उघडा राहतो. लोक निघून गेले की दुकाने राहतात, पण संध्याकाळनंतर तोच बोळ परका होतो. बुधवार आणि रविवार पेठेच्या काही भागांत हे घडून गेले आहे. सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत अजून पुष्कळ घरांत माणसे नांदत आहेत.

जिना आणि बोळ यांची मापे घ्यायला विसरू नका. १९७० आणि १९८०च्या दशकांत वाडे पाडून झालेल्या चार मजली इमारतींपैकी अनेकींना उद्वाहन नाही आणि जिना इतका अरुंद असतो, की रुग्णाला झोपवून खाली आणता येत नाही. आज आपण दोन जिने सहज चढत असाल. दहा वर्षांनी काय, याचा विचार आजच करायला हवा. रुग्णवाहिका कोठपर्यंत येते आणि तेथून आपल्या दारापर्यंत किती पावले, हे स्वतः मोजावे. अग्निशमन दलाचा बंबही अनेक बोळांत शिरू शकत नाही. दर्शनी खोली रस्त्यावर असलेल्या घरापेक्षा मागच्या चौकाकडे खिडक्या असलेले घर घ्यावे. आवाज आणि धूळ यांत फरक पडतो.

नदीच्या बाजूचे घर असेल तर पूररेषा तपासावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नारायण, शनिवार आणि कसबा पेठांतील नदीकाठचे शेकडो वाडे कोसळले. माझ्या आईचे माहेर नारायण पेठेत होते. पाणी ओसरल्यावर चौकातल्या गाळातून तिने देवघरातला पितळी नंदादीप हाताने चाचपून काढला होता आणि तो आजही आमच्या घरी आहे. आता नकाशांवर २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. घर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे महापालिकेत विचारावे. घरमालकाच्या ‘पाणी कधी येत नाही हो’ या आश्वासनावर अवलंबून राहू नये.

अकरा महिन्यांनंतरही आपल्या दोघांचे मत कायम राहिले, तर विकत घ्या. त्या वेळी मिळकत पत्रिकेवरील (जागेच्या मालकीची सरकारी नोंद) सर्व नावे, भोगवटा पत्र (इमारत वापरण्यास महापालिकेची मान्यता) आणि इमारतीखालच्या जमिनीची मालकी कोणाकडे आहे, या तिन्हींची वकिलाकडून छाननी करून घ्यावी. जुन्या वाड्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतींत एखाद्या चुलत बहिणीचा हक्कसोड लेख, म्हणजे तिने आपला वाटा सोडल्याचा कागद, करायचा राहून गेलेला असतो, आणि तो वीस वर्षांनी पुढे येतो.

प्रश्न : शनिवार पेठेत आमचा सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचा दोन चौकी वाडा आहे. आम्ही तिघे भाऊ अजून तेथेच राहतो. गेल्या पावसाळ्यात माजघराची भिंत फुगली. एका ठेकेदाराने सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा करून पुढच्या सोप्यातला एक खांब काढून टाकण्याचे सुचवले आहे, म्हणजे दुकानासाठी जागा मोठी होईल. करावे का?

उत्तर : दोन्ही करू नये. खांबाला तर हातही लावू देऊ नका.

पुण्याच्या वाड्यांचा भार भिंतींवर नसतो, निदान पूर्णपणे नसतो. सागवानी खांब, त्यांवरच्या आडव्या तुळया आणि कडीपाट, म्हणजे कड्यांवर फळ्या टाकून केलेले छत, यांचा एक सांगाडा असतो, आणि भिंत ही त्या सांगाड्याच्या मधली भर असते. म्हणूनच आपल्याकडे घर खणांत मोजत आले आहेत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. यातला एक खांब काढला, की त्याच्यावरचे ओझे शेजारच्या दोन खांबांवर जाते, तुळईला बाक येतो आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसाळ्यात तिच्यावरचा मजला खाली येतो. पेठेत पावसाळ्यात वाडा पडल्याची बातमी आली, की त्याच्या दर्शनी भागात दुकानासाठी काय तोडफोड झाली होती, ते मी आधी विचारतो, आणि पुष्कळदा उत्तर तेथेच सापडते.

सिमेंटचे तसेच. आपल्या भिंती विटा, माती आणि चुना यांच्या आहेत. या भिंती पावसाळ्यात ओल घेतात आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकतात. त्यांचा तोच स्वभाव आहे. त्यांच्यावर सिमेंटचा कडक थर चढवला, की आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही. वरून भिंत कोरडी आणि गुळगुळीत दिसते, आतली माती मात्र भिजून सैल होते आणि भिंतीत रुतलेल्या लाकडाच्या टोकांना वाळवी लागते. आपली माजघराची भिंत फुगली त्यामागे आधीच्या एखाद्या दुरुस्तीतला सिमेंटचा पट्टा असण्याची शक्यता आहे. तसा असल्यास तो हळूहळू खरवडून काढावा लागेल आणि भिंत एक उन्हाळाभर वाळू द्यावी लागेल.

पैशांची ओढाताण असेल, तर कामांचा क्रम लावून घ्या. सर्वांत आधी छप्पर: फुटकी कौले, सरकलेल्या पन्हळी आणि गच्चीच्या कडेने झिरपणारे पाणी. त्यानंतर न्हाणीघर आणि संडास यांचे गळके नळ, कारण मागाहून घुसवलेल्या या नळांनीच वाड्यांचे सर्वाधिक नुकसान केले आहे. त्यानंतर जोत्यालगत साचणारे पाणी बाहेर काढण्याची सोय. पाण्याची ही तीन तोंडे बंद झाली, की भिंतींचे अर्धे दुखणे थांबते, आणि मग चुन्याच्या गिलाव्याला हात घालावा. चुन्याचे काम जाणणारे गवंडी कमी आहेत पण नाहीतच असे नाही. हे काम चांगले झाले तर कसे दिसते, हे पाहायचे असेल तर आपल्यापासून चालत पंधरा मिनिटांवरच्या विश्रामबागवाड्यात जा. दुसऱ्या बाजीरावासाठी बांधलेल्या त्या वाड्याच्या लाकडी दर्शनी भागाखाली उभे राहून खांब आणि तुळई एकमेकांना कसे धरून आहेत, ते तिघा भावांनी एकदा सोबत पाहावे.

आपला वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, तेही तपासा. असल्यास मोठ्या कामाला वारसा संवर्धन समितीची परवानगी लागेल. परवानगीचा त्रास वाटतो हे खरे, परंतु त्या निमित्ताने जाणकार संरचना अभियंता वाडा पाहून जातो, हा लाभ लहान नाही.

प्रश्न : शुक्रवार पेठेतील एका वाड्यात आमच्या आजोबांपासून आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. वाडा धोकादायक असल्याची नोटीस लागली आहे. मालक म्हणतात, नोटीस आली म्हणजे भाडेकरार संपला, खोल्या मोकळ्या करा. माझे शिंप्याचे काम आहे. सर्व गिऱ्हाइके आसपासच्या चार गल्ल्यांतली आहेत. दूर गेलो तर पोट कसे भरणार?

उत्तर : आपले पत्र वाचून मी अस्वस्थ झालो, कारण पेठ चालण्याजोगी आहे असे आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा ती तशी ठेवणारी माणसे म्हणजे आपल्यासारखी माणसे असतात. फाटलेली चेन बसवून घ्यायला शेजारच्या गल्लीत जाता येते, ते तेथे शिंपी राहतो म्हणून.

आधी आपल्या जिवाची काळजी. नोटीस खरोखरीच अतिधोकादायक वर्गातली असेल आणि अभियंत्याने राहू नका असे सांगितले असेल, तर केवळ हक्क टिकवण्यासाठी मुलाबाळांसह आत राहू नका. खोली सोडल्याने हक्क सुटत नाही. लिहून दिल्याने सुटतो. म्हणून कोणत्याही कोऱ्या अथवा घाईघाईने पुढे केलेल्या कागदावर सही करू नये.

नोटीस लागली म्हणजे भाडेकरूचा हक्क संपला, हे मालकांचे म्हणणे कायद्याला धरून नाही. धोकादायक इमारत महापालिकेने पाडली तरी त्यामुळे भाडेकरूचा त्या जागेवरील हक्क आपोआप नष्ट होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा असून तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातील कलम १६ नुसार मालकाला नवी इमारत बांधण्यासाठी जुनी पाडायची असेल, तर त्याला न्यायालयात जावे लागते. त्याच्याकडे पैसा आहे, आराखडे तयार आहेत, आणि तो भाडेकरूंच्या बाबतीत कायद्याने सांगितलेली हमी देतो आहे, याची खात्री झाल्यावरच न्यायालय ताबा देते. तोंडी सांगून खोल्या रिकाम्या करवून घेण्याची तरतूद त्यात कोठेही नाही.

आता आपण करायच्या गोष्टी. आजोबांच्या नावाची सर्वांत जुनी भाडेपावती शोधा आणि तेव्हापासूनच्या मिळतील तितक्या पावत्या एकत्र करा. शिधापत्रिका, वीजबिल, मतदार यादीतील नोंद यांवरून आजोबांच्या आणि नंतर वडिलांच्या निधनाच्या वेळी आपण त्याच खोल्यांत त्यांच्याबरोबर राहत होता हे दिसले पाहिजे, कारण भाडेकरूचा हक्क सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. मालक भाडे घेत नसतील तर ते थकू देऊ नका. धनादेशाने किंवा बँकेतून पाठवा आणि नोंद ठेवा. थकबाकीची लेखी मागणी आल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय त्या कारणासाठी दावा लावता येत नाही, पण त्या ९० दिवसांची वेळच येऊ देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, वाडा उतरवला जाण्यापूर्वी आपल्या ताब्यातील दोन खोल्यांचे मोजमाप महापालिकेच्या अभियंत्याकडून करून घ्या आणि त्याचा दाखला मागा. खोल्यांची छायाचित्रेही काढून ठेवा. वाडा पडून मोकळी जागा झाल्यावर ‘तुमच्या खोल्या एवढ्या नव्हत्याच’ असे म्हटले जाते, आणि तेव्हा हातात मापाचा कागद नसेल तर वकीलही हतबल होतो.

मालकांकडेही सहानुभूतीने पाहायला हवे, हे येथे लिहिले पाहिजे. अनेक वाड्यांत भाडे इतके तुटपुंजे राहिले, की त्यातून कौले बदलण्याचाही खर्च निघत नव्हता. कायद्याने आज वर्षाला चार टक्के वाढ घेता येते, पण पन्नास रुपयांचे चार टक्के म्हणजे किती? म्हणून माझे सुचवणे असे, की वाड्यातील सर्व भाडेकरूंनी एकत्र येऊन मालकांपुढे नव्या इमारतीचा प्रस्ताव लेखी ठेवावा. एकेकट्याने भांडण्यापेक्षा त्यातून तोडगा निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. बांधकाम होईपर्यंत पर्यायी जागा देताना ती शुक्रवार पेठेच्या आसपासच मिळावी, हे आपल्या बाबतीत करारात स्पष्ट लिहून घ्यावे. गिऱ्हाइके दोन वर्षे वाट पाहत नाहीत.

प्रश्न : आमचे घर शनिवारवाड्याच्या तटापासून साठ-सत्तर मीटरवर आहे. शेजारच्या पेठेत नव्या इमारती होतात आणि आम्हाला मात्र वीटही हलवता येत नाही, असे सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. शनिवारवाडा हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येते. आपले घर पहिल्या पट्ट्यात येते, त्यामुळे ते पाडून नवी इमारत बांधता येणार नाही. परंतु १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण यांसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे सक्षम अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. घर केव्हाचे आहे हे सिद्ध करणारे जुने कर आकारणीचे उतारे आणि सध्याच्या घराची मोजमापे अर्जाला जोडावीत.

१७३० साली पायाभरणी झालेल्या आणि १८२८च्या आगीत आतून जळून गेलेल्या या वाड्याचा तट आणि दरवाजे मोकळे दिसावेत, ही कायद्यामागची इच्छा योग्यच आहे. मात्र या पट्ट्यात राहणाऱ्या कुटुंबांना दुरुस्तीची परवानगी लवकर मिळाली नाही, तर घरे आपोआप पडतात आणि स्मारकाभोवती वस्तीऐवजी पडीक जागा उरते. माझ्या मते १०० मीटरचा एकच दंडक रानातल्या लेण्याला आणि भर वस्तीतल्या वाड्याला सारखाच लावणे अन्यायाचे आहे. आपण शेजाऱ्यांसह एकत्रितपणे अर्ज केल्यास त्याचा पाठपुरावा करणे सोपे जाईल.

प्रश्न : नोकरीसाठी नाशिकहून पुण्यात आलो आहोत. दोघांची कार्यालये शिवाजीनगरला आहेत. नारायण पेठेत छोटे घर मिळत आहे, पण चारचाकी ठेवायला जागा नाही. काय करावे?

उत्तर : घर घ्यावे आणि चारचाकी नाशिकला आईवडिलांकडे ठेवावी. नारायण पेठेतून शिवाजीनगरला ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून नदी ओलांडून पायी जाता येते, आणि पाऊस असेल त्या दिवशी कसबा पेठ स्थानकातून मेट्रोने पुढच्या जिल्हा न्यायालय किंवा त्यानंतरच्या शिवाजीनगर स्थानकावर उतरता येते. भिडे पुलाच्या भरवशावर मात्र राहू नका. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो पाण्याखाली जातो. घराचा करार करताना दुचाकी कोठे लावायची, ती जागा मालकांकडून लिहून घ्या, कारण पेठेतले शेजार ज्या दोन गोष्टींवरून बिघडतात त्यांतली एक ही आहे. दुसरी पाण्याची मोटर. ती किती वाजता लावायची, हे पहिल्याच दिवशी खालच्या आजींना विचारून घ्यावे.